उपासाच्या दिवशीची गोळी

वरवंडमधल्या प्रत्येक घरात मला खुर्ची मिळायची. प्लास्टिकची, पदरानं पुसलेली, बरोबर पंख्याखाली ठेवलेली. चहा कपबशीतून यायचा आणि बशीत दोन बिस्किटं असायची. माझ्याबरोबर असायची ती दौंडची डॉक्टर मात्र दारात चपला काढून सरळ स्वयंपाकघरात जायची. तिला चहा स्टीलच्या पेल्यात मिळायचा, तोही कधीकधी तिनंच गाळलेला. मी बाहेर बसून फॉर्मवरचे रकाने भरत असायचे आणि आतून हसण्याचा आवाज यायचा. त्या हसण्याचा मी सहा महिने हेवा केला.

हृदयविकार होऊच नये यासाठीच्या संशोधनात मी कशी आले, असं कोणी विचारलं की माझ्याकडे एक तयार उत्तर असतं. त्यात रांजणगावच्या कारखान्यातला एक कामगार असतो, कंपनीच्या बसमधून उतरताना छातीत कळ आलेला. तो माणूस खरा आहे. एमबीबीएसनंतर शिरूरच्या ज्या लहानशा हॉस्पिटलमध्ये मी नोकरी करत होते तिथे त्याला आणलं होतं, आणि तो वाचला नाही. पण मी या कामात त्याच्यामुळे आले नाही. पीजीच्या प्रवेशपरीक्षेत माझा नंबर फार मागे लागला म्हणून आले.

पप्पा रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. त्यांनी मला शिरूरमध्ये इंग्रजी शाळेत घातलं, घरीही माझ्याशी इंग्रजीतच बोलले. शाळेत मराठी बोललं की डायरीत शेरा यायचा. माझ्या डायरीत एकही शेरा नाही, कारण मी बोलायचेच कमी. मराठी वाचायची मला आवड होती, लिहायलाही यायचं, पण बोलताना माझं वाक्य आधी मनात पूर्ण व्हावं लागतं. ते होईपर्यंत समोरचा माणूस दुसरीकडे वळलेला असतो.

परीक्षेच्या निकालानंतर माझ्या बॅचच्या ग्रुपवर रोज फोटो पडायचे. कोणाला मेडिसिन, कोणाला बालरोग. नवे एप्रन, नवे स्टेथोस्कोप. मी प्रत्येकाला अभिनंदन लिहायचे आणि फोन उलटा ठेवायचे. अशातच पुण्याच्या एका ज्येष्ठ डॉक्टर मॅडमच्या प्रकल्पाची जाहिरात दिसली. शिरूर आणि दौंड तालुक्यांत कोणाला बीपी आहे, गोळ्या सुरू असतील तर त्या घेतल्या जातात का, आणि अटॅक टाळायला गावपातळीवर काय करता येईल, असं ते काम होतं. मुलाखतीत मॅडम म्हणाल्या, "ज्याला अटॅक आलाच नाही तो पेढे घेऊन येत नाही. ते चालणार असेल तर या." मला चालणार होतं. पेढे देणाऱ्या माणसांशी काय बोलायचं हेही मला सुचत नसे. वर्षभर काम करायचं आणि परीक्षा पुन्हा द्यायची, असं पप्पांशी ठरलं.

शिरूरला एका मेडिकलच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. डॉक्टर आम्ही दोघीच. ती आयुर्वेदाची पदवीधर, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, दौंडमध्ये सासर, दोन वर्षांची मुलगी सासूकडे ठेवून येणारी. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, "तू कॉन्व्हेंटची का गं?" मी मान हलवली. तेव्हापासून मी तिच्यासाठी कॉन्व्हेंटच झाले. "ए कॉन्व्हेंट, डबा आणलाय का?" "कॉन्व्हेंट, गाडी आली, चल." तिच्या बोलण्यात विष नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं.

ती एमबीबीएस नाही, याची मी स्वतःला रोज आठवण करून द्यायचे. शिरूरहून न्हावऱ्याच्या रस्त्यानं चौफुल्याकडे जाताना दोन्ही बाजूंना ऊस असायचा, ती पुढे ड्रायव्हरशी त्याच्या बहिणीच्या लग्नाबद्दल बोलत असायची, आणि मी मागच्या सीटवर मनात तिच्या आणि माझ्या पदव्या शेजारी शेजारी ठेवत असायचे.

प्रश्नावलीचं मराठी माझं होतं. मॅडमनी इंग्रजीत लिहिलेली, मी भाषांतर केलेली. "आपण रक्तदाबाची औषधे दररोज नियमितपणे घेता का?" हे वाक्य मी तीनदा लिहून बघितलं होतं. मॅडमचा नियम असा की प्रश्न सगळ्यांना त्याच शब्दांत वाचून दाखवायचा. एकाला एक आणि दुसऱ्याला वेगळं विचारलं तर उत्तरांची तुलना कशी करणार? मी शब्दही न बदलता वाचायचे. लोक सावरून बसायचे आणि म्हणायचे, "हो, घेतो की." मी 'हो'वर खूण करायचे.

ऑफिसात सगळ्यांचे फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचं कामही माझ्याकडे होतं, म्हणून मला ते दिसलं. आम्ही जोडीनंच फिरायचो, पण एका घरी प्रश्न ती विचारायची, पुढच्या घरी मी. माझ्या घरांमध्ये जवळजवळ सगळे 'हो' होते. तिच्या घरांमध्ये 'नाही' इतके होते की मी गठ्ठा पुन्हा मोजला. गावं तीच, दवाखाने तेच, गोळ्या त्याच. शिवाय तिच्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं काहीबाही लिहिलेलं असायचं. 'सोम, गुरु.' 'चतुर्थी, दोन्ही एकादशी.' त्याला रकाना नव्हता, म्हणून मी ते भरलं नाही. मला वाटलं, त्या घरी कोणत्या दिवशी जाऊ नये याची तिची नोंद असेल. ऑफिसात समोरच्याच टेबलावर बसून ती शेंगा खात असायची, तिला विचारता आलं असतं. तिनं सांगितलंही असतं. तेच मला नको होतं.

त्याच महिन्यात मॅडमनी सांगितलं की पुढच्या टप्प्यासाठी एकाच डॉक्टरची जागा आहे. तीन वर्षांचं काम, पुण्यात प्रशिक्षण, स्वतःचा विषय. आमच्यापैकी एकीला ते मिळणार, दुसरीचं काम संपणार. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "मला मिळाली तर सासूला सांगायला तोंड राहील. न्हाईतर हाय आपलं पोळपाट-लाटणं." मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, आणि ती तिलाही हवी आहे हे कळल्यावर तर जास्तच.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि ऐकलं. चुलीजवळ बसलेल्या बाईला ती विचारत होती, "काकी, गोळी कधी चुकती वो तुमची?"

घेता का, असं नाही. कधी चुकते, असं. म्हणजे चुकतेच, हे तिनं आधीच धरून चाललेलं. मला आनंद झाला. त्याला दुसरा शब्द नाही.

संध्याकाळी मी मॅडमना फोन केला. फोनवर बोलायचं मला अवघड जातं, म्हणून वाक्यं कागदावर लिहून घेतली होती. "मॅडम, ती प्रश्न स्वतःच्या शब्दांत विचारते. सूचक प्रश्न विचारते. त्यामुळे उत्तरं तशी येतायत."

"तू ऐकलंस?"

"हो, मॅडम."

"तिच्याशी बोललीस?"

हे कागदावर नव्हतं. "नाही," मी म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, "तिच्या घरांपैकी बारांची यादी पाठवते, तिथे तू पुन्हा जा. आपला प्रश्न आपल्या शब्दांत विचार. मग बघू." तिला त्यांनी एवढंच कळवलं की ही नेहमीची तपासणी आहे. ती म्हणाली, "जा की. शेवटच्या घरातल्या काकींना माझा निरोप सांग. चहा चांगला करत्यात."

अकरा घरांत मी खुर्चीवर बसले, प्रश्न वाचला, आणि अकरा जणांनी 'हो' म्हटलं. मी ते 'हो' एकेक करून जमवत होते. बाराव्या घरी पोचले तेव्हा माझ्या मनात मॅडमना पाठवायचं पत्र जवळजवळ तयार होतं.

बारावं घर त्या काकींचं. पन्नाशीच्या, अंगानं भक्कम, हायवेजवळ त्यांच्या मुलाचं खतांचं दुकान. त्यांनीही खुर्ची पुसली, त्याही 'हो, रोज घेते' म्हणाल्या. मी हाताला पट्टा बांधून बीपी घेतलं. फार वर होतं. पाच मिनिटं थांबून पुन्हा घेतलं. तेवढंच.

"आज सकाळी गोळी घेतलीत?" मी विचारलं. हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. मशीनवरचा आकडा बघून माझ्यातल्या डॉक्टरनं तो विचारला.

"आज कशी घीन?" काकींना माझंच आश्चर्य वाटलं. "आज चतुर्थी न्हाई का? उपास हाय."

"उपासाला गोळी चालत नाही?"

"अवो, जेवल्यावर घ्यायची म्हनून सांगितलंय दवाखान्यात. पाकिटावर लिवलंय बी. जेवलेच न्हाई तर जेवल्यावरची गोळी कवा घ्यायची?"

"पण तुम्ही खिचडी खाल्ली असेल ना?"

"फराळ म्हंजी जेवान व्हय?" त्या हसल्या. आतून त्यांची सूनही हसली.

"मग रात्री? चंद्र बघून जेवता तेव्हा?"

"ती सकाळची गोळी हाय, बाई. सकाळची गोळी रात्री घेऊन काय व्हईल काय सांगावं? तुमीच म्हनता मनानं काय करू नका."

मी पेन खाली ठेवलं. "असे किती उपास करता?"

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. सोमवार. गुरुवार. दोन एकादशा. चतुर्थी. श्रावणात शनिवारही. नवरात्रात ओळीनं नऊ दिवस. मी ऐकत होते आणि पेन्सिलीनं लिहिलेल्या त्या ओळी मला दिसत होत्या.

"काकी, मग मघाशी रोज घेते म्हणालात ते?"

"घेतेच की रोज. येक बी दिवस आळस न्हाई करत. उपासाचं तुमी कुठं इचारलं?" मग त्या थोड्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्यातल्या त्या पोरीला सांगितलंय की समदं. तिनं लिवलं न्हाई का? तुमी आसं वाचून इचारता, मला परीक्षेला बसल्यागत व्हतं. मग मानूस हो म्हनून मोकळं व्हतं."

त्यांची गोळी अशी होती की तिचा जेवणाशी काही संबंध नव्हता. पाण्याबरोबर केव्हाही चालली असती. 'जेवल्यावर' हा शब्द आम्ही डॉक्टर सवयीनं लिहितो. शिरूरच्या हॉस्पिटलमध्ये मीही दिवसभर तो लिहीत आणि सांगत असायचे. आमच्या त्या एका शब्दामुळे ही बाई, एक दिवसही आळस न करणारी, आठवड्यातले दोन-तीन दिवस बिनगोळीची राहत होती. मी त्यांना सांगितलं की ही गोळी उपासालाही चालते, हवं तर आत्ताच घ्या. त्या म्हणाल्या, "त्या पोरीनं बी तेच सांगितलंय. पन दवाखान्यातल्या डॉक्टरला इचारते म्हटलं येकदा." तिचं आणि माझं वजन त्या घरात सारखंच होतं. फक्त ती माझ्या आधी पोचली होती.

परत येताना मी उरलेल्या अकरा घरांपैकी चार घरांच्या दारात गाडी थांबवली आणि उभ्याउभ्या उपासाचं विचारलं. तीन घरांत तेच.

खरं तर मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण फार वेळ नाही. पारगावच्या पुलापर्यंत येईतो माझ्या मनात हा विषय इंग्रजीत मांडून झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात बसून मी दोन पानं लिहिली. पुनर्भेटीत असं आढळलं की उपवासाच्या दिवशी रुग्ण गोळी वगळतात. प्रश्नावलीत याची नोंद होत नाही. यावर स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. पानांवर एकही वाक्य खोटं नव्हतं. तिचं नाव एका ठिकाणी होतं, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात: मूळ भेटीत प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारले गेले नव्हते.

मॅडमचा फोन दुपारी आला. "सहा महिन्यांत पहिल्यांदा मला खरा प्रश्न दिसला," त्या म्हणाल्या. "पुढचा टप्पा यावरच करू. तूच कर." मी "थँक यू, मॅडम" म्हटलं. माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला. संध्याकाळी पप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी टीव्ही बंद केला, जे ते सहसा करत नाहीत.

तिला काम संपत असल्याचं मॅडमनीच कळवलं, माझा रिपोर्ट जोडून. दोन दिवसांनी ती ऑफिसात आली ती फॉर्मचा गठ्ठा कपाटातून काढूनच माझ्या टेबलाशी आली. एकेक फॉर्म तिनं उलटा करून माझ्यासमोर मांडला. पेन्सिलीच्या ओळी वर. टेबल भरलं तेव्हा उरलेले कीबोर्डवर ठेवले.

"इंग्लिश मला थोडं थोडं कळतं," ती म्हणाली. "वाचलं सगळं. मी इचारलं तर चूक, आन् तू इचारलं तर संशोधन व्हय गं?"

मी कीबोर्डवरचा एक फॉर्म सरळ केला.

"हे भरताना तुला दिसलं असंल की. का आंधळी हायस?"

"दिसलं होतं."

"मग?"

माझं वाक्य तयार होत नव्हतं.

"बोल की, कॉन्व्हेंट. का त्यालाबी फॉर्म लागतो?"

ती वाट बघत उभी राहिली. बरीच उभी राहिली. मग पर्स उचलून जिना उतरून गेली. खाली मेडिकलवाल्यानं तिला काहीतरी विचारलं आणि तिनं त्याला हसून उत्तर दिलं, तेही मला ऐकू आलं. त्या क्षणीसुद्धा मला तिचा हेवा वाटला, की तिला असं हसता येतं.

मला चांगुलपणाचा झटका वगैरे आला नाही. मी दोन तास तशीच बसले, आणि त्या दोन तासांत ती जागा माझ्याकडे कशी राहील याचाच विचार केला. पण टेबलावर ते फॉर्म होते, आणि प्रत्येकावर तिच्या भेटीची तारीख होती, माझ्याच हातानं कॉम्प्युटरवर चढवलेली. ही जागा घेतली असती तर पुढची तीन वर्षं मला त्याच घरांत जाऊन तोच प्रश्न विचारावा लागला असता, आणि प्रत्येक घरात कोणीतरी म्हणालं असतं, त्या पोरीला सांगितलंय की. ते ऐकत राहण्याची ताकद माझ्यात नव्हती. मी सगळ्या फॉर्मच्या मागच्या बाजू स्कॅन केल्या आणि मॅडमना पाठवल्या. सोबत लिहिलं: हे तिनं माझ्या कितीतरी आधी शोधलेलं आहे. भरताना मला दिसलं होतं. मी विचारलं नाही.

मॅडम त्या आठवड्यात स्वतः शिरूरला आल्या. दोघींना समोर बसवून आधी तिला झापलं. प्रश्न बदलायचा होता तर मला का नाही सांगितलंस, रकाना नाही म्हणून मागे पेन्सिलीनं लिहून कोणाला कळणार होतं? ती मान खाली घालून म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही म्हणाल हे रिसर्चमधी बसत न्हाई." मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुझ्या रिपोर्टमध्ये एकही चूक नव्हती. म्हणूनच मला जास्त राग आला."

जागा तिला मिळाली.

माझे तीन आठवडे उरले होते. मॅडमच्या सांगण्यावरून प्रश्न आम्ही दोघींनी मिळून नव्यानं लिहिला. ती सांगायची, मी लिहायचे, ती म्हणायची, "हे पुस्तकातलं झालं, खोड." शेवटी तो असा झाला: 'या पंधरवड्यात उपास कधी होता? त्या दिवशी गोळीचं काय केलं?' दौंडमध्ये एका मुसलमान टेलरकाकांना तिनं रोज्यांचं विचारलं. ते म्हणाले, रमजानमध्ये ते गोळी पहाटे सहरीच्या जेवणाबरोबर घेतात, डॉक्टरांना विचारून तसं ठरवून घेतलंय. "तुमच्या बायकांनी पण विचारायचं की," ते म्हणाले, "विचारायला काय लागतं?" ती माझ्याकडे बघून खो खो हसली. मला कळलं ती कशाला हसतेय, आणि मला हसू आलं नाही. तिनं मला माफ केलं का, हे मी तिला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. डब्यातली चटणी मात्र माझ्या ताटात पूर्वीसारखीच टाकायची.

मग मी घरी बसून अभ्यास केला. या खेपेला नंबर बरा आला. प्रवेशाचा फॉर्म भरताना पप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले. पहिल्या पसंतीला मी प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र लिहिलं. आमच्या बॅचमध्ये ही शाखा लोक दुसरं काही मिळालं नाही तर घेतात.

"यू आर गेटिंग अनेस्थेशिया," पप्पा म्हणाले. माझ्या नंबरावर भूलशास्त्राची जागा मिळत होती. मग मराठीत म्हणाले, जे ते माझ्याशी क्वचितच करतात, "हे कशासाठी?"

मी त्यांना रांजणगावच्या कामगाराचं सांगितलं. त्यांना ते पटलं. खरं कारण मला अजूनही धड सांगता येत नाही. त्या स्वयंपाकघरांत जे बोललं जातं ते मला ऐकायचं आहे. तिला ते आयतं मिळतं आणि मला मिळत नाही, हे मला सहन होत नाही. दुसऱ्या कुठल्या शाखेत मला कोणाचा इतका हेवा वाटला नसता.

फॉर्म लॉक करण्याआधी मी तिला मेसेज केला, की ही शाखा घेतेय, थीसिससाठी तुमच्याकडे यायला चालेल का. 'तुमच्याकडे' हा शब्द लिहायला मला वेळ लागला. लगेच तिचा व्हॉइस मेसेज आला, मागे तिची मुलगी कशासाठी तरी हट्ट करत होती. "ये की गं, कॉन्व्हेंट. पन आता मी साहेब हाय, ध्यानात ठेव. इचारणार मी, लिवून घ्यायचं तू. आन् खुर्चीत बसायचं न्हाई, आत यायचं माझ्यासंगं."

मी तो दोनदा ऐकला. मग मी फॉर्म लॉक केला.